बिनटोमॅटोचा इटलीचा खिमा

माझ्या सासऱ्यांनी इटली पाहिली होती आणि त्याचा त्रास मला झाला.

मोठ्या लढाईत मामंजी पलटणीत हवालदार म्हणून तिकडे होते. तुकडीत त्यांच्या जोडीला विट्याचे सुभेदारकाका. तिथल्या एका खेड्यात एक म्हातारी दोघांना मटणाचा खिमा करून घालायची. लढाई संपून वीस वर्षं झाली, पण त्या खिम्यावरून या दोघांची लढाई चालूच. काका म्हणत, त्यात टोमॅटो असायचा, रंग कसा लालभडक! मामंजी म्हणत, टोमॅटोची फोडसुद्धा नसायची; ढीगभर कांदा, थोडं गाजर, खिमा, वाटीभर दूध आणि मंद आच. एकमेकांना पत्रं लिहायचे तीही याच विषयावर. (घरची खुशाली शेवटच्या ओळीत.)

एकदा काका पाटणला आमच्याकडे यायचे ठरले. मामंजी मला म्हणाले, "सूनबाय, टमाट्याबिगार करून दाव त्याला. जमंल का?"

मी सहा महिन्यांची नवी सून. सांगलीत विश्रामबागेत वाढलेली, चार बुकं शिकलेली. "त्यात काय, मामंजी," म्हटलं, "करते की." माणसानं सांगलीचं असावं, पण इतकं असू नये.

सकाळीच परसातल्या चुलीवर पातेलं चढवलं. पाठवणीला रडले नव्हते तेवढी कांदा चिरताना रडले. मामंजींनी सांगितलं ते सगळं घातलं. आता चार तास ते नुसतं रटरटू द्यायचं. घोटाळा झाला तो या चार तासांत. आमच्याकडे चुलीवरचं झाकण उचलून बघणं हा येणाऱ्या-जाणाऱ्याचा हक्क, आणि नव्या सुनेचं काही चुकलंच, तर न बोलता सावरून घ्यायचं ही रीत.

मी आत शेवयांच्या नादात. (म्हातारी म्हणे कणकेच्या लांब दोऱ्यांवर खिमा वाढायची. दोऱ्या म्हणजे शेवयाच की!) इकडे आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, झाकण उचललं. त्यांच्या डोळ्याला खिमा फिकट, आजाऱ्याला घालावा तसा. पोरगी तिखट घालायला बिचकली, असं समजून त्यांनी पळीभर कांदा-लसूण चटणी टाकली आणि गोठ्यात गेल्या. मग थोरल्या जाऊबाई आल्या. पाहुण्यांसमोर माझी शोभा नको म्हणून त्यांचीही एक पळी. शेवटी आमचे हे. यांना स्वयंपाकातलं काही कळत नाही, म्हणून यांनी दोन टाकल्या.

दुपारी पंगत बसली. मी झाकण काढलं, तर पातेल्यात सूर्य मावळत होता.

काकांनी मिशीला पीळ दिला. "हवालदार, बगा. टमाटं."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं राखलेला शब्द, आणि तो घालवला कुणी, तर सुनेनं! मी शपथेवर सांगितलं, की टोमॅटो घरात आणलेलाच नाही. मग हा रंग कसला? अखेर दारामागून आत्याबाई म्हणाल्या, "म्या वाईच चटणी टाकली."

"आवं, म्याबी," जाऊबाई म्हणाल्या.

हे नुसतेच खोकले.

काकांनी घास घेतला. डोळ्यांना धार, नाकाला धार, टकलावर घाम. दुसरा घास घेतला आणि चावता चावता थांबले. म्हणाले, "हवालदार, ही चव वळकली म्या. घरनं चटणीची पुरचुंडी आलती न्हवं आपल्याला? म्हातारीची पाठ फिरली की आपुनच पातेल्यात टाकायचो."

मामंजींनी बराच वेळ आठवून पाहिलं. "म्हंजी टमाटं न्हवतं."

"न्हवतं," काका म्हणाले आणि पातेलं जवळ ओढलं.

सुनेनं शब्द राखला, असं मामंजी गावभर सांगत फिरले. मी मात्र पुढं जन्मभर त्या तिघांना ऐकवत आले, की तुमच्या उपद्व्यापानं माझा अस्सल इटलीचा खिमा नासला. बिचाऱ्यांनी मुकाट ऐकून घेतलं. आता त्यातलं कुणी राहिलं नाही, म्हणून सांगते. चढवल्यावर तासाभरानं मी चव घेऊन बघितली होती. इतकी मिळमिळीत, की त्या तिघांच्याही आधी पहिली पळी मीच टाकली.