सिल्वासाचा स्पीकर

नाशिकहून निघालेली वापीची एस.टी. पेठच्या अलीकडेच पहिल्यांदा बंद पडली. कंडक्टर खाली उतरला, टायरला एक लाथ मारली आणि परत येऊन माझ्या मांडीवरच्या पेटीकडे बघत म्हणाला, "यात काय आहे? जनावर असेल तर वेगळं तिकीट लागेल."

"गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे," मी म्हणालो.

"म्हणजे आवाज करणार?"

"सध्या नाही."

या उत्तरावर तो खूश झाला. मी मात्र झालो नाही. तो अ‍ॅम्प्लिफायर धड आवाज करत नव्हता, हेच तर माझ्या प्रवासाचं कारण होतं. मी एका लग्नसमारंभ-वाढदिवस छाप ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असे. माझी पेटी कॉम्बो जातीची, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच लाकडी खोक्यात. सिन्नरच्या एका लग्नात मांडववाल्याने बांबू उचलताना तो थेट स्पीकरच्या कागदी पडद्यात घुसवला. दुरुस्तीवाल्याने त्यावर डिंक आणि कापड चिकटवून दिलं. तेव्हापासून गिटारची तार छेडली की घशात काटा अडकलेल्या बोक्यासारखा आवाज येई.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांना याचं मुळीच दुःख नव्हतं. त्यांनी नुकताच एक सिंथेसायझर आणला होता, आणि त्यात गिटारच्या आवाजाचं एक बटण होतं. "शनिवारपर्यंत तुमचं खोकं बोललं तर ठीक," ते म्हणाले, "नाहीतर आपलं बटण आहेच." बारा वर्षं बोटं झिजवल्यावर माणसाची किंमत एका बटणाएवढी होते, हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं.

नवा स्पीकर घ्यायला मी मुंबईला जाणार होतो. पण माझ्या धाकट्या बहिणीचा, नलूचा नवरा दिलीपराव सिल्वासाजवळच्या सायली गावात स्पीकरच्या कारखान्यात मॅनेजर होता. त्याने फोनवर ठणकावून सांगितलं, "दादा, मुंबईत काय ठेवलंय? मुंबईचा माल आमच्याकडूनच जातो. तुम्ही फक्त या."

मी गेलो. फोनवर ठणकावून बोलणाऱ्या माणसाचं ऐकू नये, हा धडा मला त्या आधीही अनेकदा मिळाला होता.

कपराड्याचा घाट मात्र सुंदर आहे, एवढं मान्य करतो. मे महिन्यातही सागाची वाळलेली पानं उन्हात तांब्यासारखी चमकत होती आणि वळणावळणावर बायका ताडगोळे विकत होत्या. तिकडे त्यांना गलेली म्हणतात. गार, पाणीदार. प्रवासातली ती एकच गोष्ट माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली निघाली.

वापीला उतरून मी शेअर रिक्षा धरली. रिक्षावाल्याने पेटीकडे पाहून विचारलं, "आ शुं छे? टीव्ही?" मी नाही म्हटलं, तर त्याचा माझ्यातला रस संपला. सिल्वासाची हद्द कशी ओळखावी, हे कोणाला विचारावं लागत नाही. गुजरातेत दारूबंदी, इथे नाही. त्यामुळे हद्द ओलांडली की पहिल्या पावलापासून बारच्या पाट्या. बारनंतर कारखाने. कर माफ म्हणून आलेले कारखाने, आणि कारखान्यांमागे आलेली माणसं. कोणी धुळ्याचा, कोणी पुण्याचा, कोणी बिहारचा. सगळे तात्पुरते आलेले आणि सगळे तात्पुरतेच दहा वर्षं राहिलेले. गावाकडे पाहिलं की वाटे, कोणीतरी ट्रकमधून सामान उतरवलंय आणि मांडायचं राहून गेलंय.

नलू सिल्वासाच्या डोकमर्डी भागात एका नव्या इमारतीत राहत होती. नवी म्हणजे जिन्याला अजून कठडा नव्हता. दार उघडताच तिने आधी पेटी बघितली, मग मला. "दादा, हिला काय झालं?" ती म्हणाली. लग्नाआधी चार वर्षं ती आमच्याच ऑर्केस्ट्रात गात होती. ही पेटी तिच्या मागे वाजायची.

"आता गातेस की नाही?" मी विचारलं.

उत्तर आतल्या खोलीतून आलं. "अहो, इथे कुठे गाणंबिणं!" दिलीपराव टॉवेलने मान पुसत बाहेर आला. "इथे काम असतं, दादा. काम!"

नलूने चहा ठेवला. स्वयंपाकघरातही तिच्या ओठांवर सूर नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. पूर्वी ती कांदा चिरतानासुद्धा गायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे सायलीला गेलो. नलूने "मीही येते" म्हटलं तेव्हा दिलीपरावने "तू काय करणार?" असं विचारलं, पण तोवर ती स्कूटरवर बसली होती. मी पेटी आणि गिटार घेऊन मागून रिक्षाने. वाटेत खेरडीकडून आलेल्या बैलगाड्या आणि कारखान्यांचे ट्रक एकमेकांना वाट देत नव्हते, आणि माझी रिक्षा दोघांनाही.

कारखान्यात शिरल्यावर दिलीपरावने आधी मला कॅन्टीन दाखवलं. "इथलं जेवण उत्तम असतं," तो म्हणाला. मी डाळ चाखली. ती डाळ आहे, हे तिच्या नावाच्या पाटीवरूनच कळत होतं.

मग त्याने स्पीकर दाखवायला सुरुवात केली. "हा दोनशे वॅटचा. मंडपवाले नेतात. याच्यासमोर तुमचं खोकं म्हणजे खेळणं!"

"माझा अ‍ॅम्प्लिफायर तीस वॅटचा आहे," मी म्हणालो. "आणि स्पीकर आठ ओहमचा लागतो. ओहम जुळले नाहीत तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल."

"ओहमचं काय घेऊन बसलात? वॅट बघा, वॅट!"

तो मालाचा मॅनेजर होता. आवाजाशी त्याचा संबंध नव्हता. स्पीकर तपासायचा म्हणजे एक शिटीसारखा सूर सोडायचा आणि काटा हलला की शिक्का मारायचा. त्या कारखान्यात रोज शेकडो स्पीकर बनत, पण त्यातून कोणी कधी गाणं ऐकलं असेल असं मला वाटेना.

आठ ओहमचा तसलाच एक जड स्पीकर शोधून मी पेटीत बसवला. गिटार गोधडीखालून बोलू लागली. दुसरा बसवला, त्याच्या मध्यभागी आणखी एक छोटा कागदी भोंगा होता. तार छेडली आणि पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं झालं. दिलीपराव म्हणाला, "वा! किती क्लिअर!" नलूने कानांवर हात ठेवले.

"तिकडे काय आहे?" तिने भिंतीजवळच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"रिजेक्ट," दिलीपराव म्हणाला. "वरचे सूर देत नाहीत. टेपरेकॉर्डरवाल्या गिऱ्हाइकाने परत पाठवले."

"गिटारला वरचं चिरकणं हवंय कशाला?" नलू म्हणाली.

मी ढिगातून एक काढला. पातळ कागद, त्यावर पाण्यातल्या तरंगांसारख्या रेघा, मागे आठ ओहमचा शिक्का. शेवटचा स्क्रू आवळत होतो तेवढ्यात दिवे गेले. पंखे थांबले. यंत्रं एकामागून एक शांत झाली. कामगार घाम पुसत आमच्याभोवती जमले. त्यात शिरपूरकडचा काशिनाथ नावाचा एक उंच माणूस होता. तो मला म्हणाला, "भाऊ, जरासं वाजाडी दखाडा ना." (वाजवून दाखवा.)

"लाईट नाही, कसं वाजवणार?" मी म्हणालो. "पण ही माझी बहीण गाते. हिला लाईट लागत नाही."

"ती?" दिलीपराव हसला. "अहो, तिने गाणं कधीच सोडलं."

नलू त्याच्याकडे बघतही नव्हती. तिने घसा साफ केला आणि ती भैरवी सुरू केली जी आमच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी ती म्हणायची. पहिल्या ओळीत आवाज थरथरला. दुसऱ्या ओळीत तिने तो धरला. पत्र्याच्या त्या उंच छपराखाली तो असा पसरला की माझ्या अंगावर काटा आला. अंतऱ्याला ती पोचली आणि दिवे आले. पेटीचं बटण मी चालूच ठेवलं होतं. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापले, दिवा लाल झाला, आणि मी हळूच तिच्याखाली सूर धरला.

निवडायचं काही उरलंच नाही. गिटारचा आवाज उबदार, जरा खरखरीत, नलूच्या आवाजाला कुठेही न टोचणारा असा निघाला. ज्या वरच्या सुरांसाठी तो स्पीकर नाकारला होता, तिथे ती गात होती. त्याने तिला जागा दिली होती.

"मशीन चालू करो!" दिलीपराव ओरडला. कोणी हललं नाही. भैरवी संपल्यावर काशिनाथ म्हणाला, "ताई, तुम्ही इतल्या दिन कोठे व्हत्यात?" (इतके दिवस कुठे होतात?)  नलूने पदराने तोंड पुसलं.

गेटवर रखवालदाराने अडवलं. नाकारलेला माल बाहेर न्यायची मनाई होती. दिलीपरावने चांगला माल सोडून हा का नेता, म्हणून माझ्याशी वाद घातला. शेवटी परवान्यावर 'भंगार' असं लिहून सही केली. संध्याकाळी शेजाऱ्याला तो सांगत होता, "दादांना मीच निवडून दिला. त्यांना कळत नव्हतं."

नलू आतून बॅग घेऊन आली. "दादा, उद्या मीही येते. शनिवारी गाते."

"आणि माझ्या जेवणाचं?" दिलीपरावने विचारलं.

"कॅन्टीन आहे की. उत्तम असतं ना तिथलं?"

परतताना घाटभर ती खिडकीशी बसून आवाज तयार करत होती. पुढच्या सीटवरच्या बाई दोनदा मागे वळल्या. तिसऱ्यांदा वळल्या त्या "अजून म्हणा" असं सांगायला.

शनिवारी आम्ही वाजवलं. मालकांनी बटणाला हात लावला नाही, उलट नलूला विचारलं, "बाई, पुढच्या तारखा मोकळ्या आहेत का?" प्रवासाने माणसाचं मन मोठं होतं म्हणतात. माझं झालं नाही. सिल्वासा मला आजही न मांडलेल्या सामानासारखंच वाटतं, आणि तिथली डाळ मी कोणाला सुचवणार नाही. पण चांगल्या गोष्टी टाकून देण्यात ते गाव वाकबगार आहे, हे मला कळलं. त्या उचलायला कोणीतरी जावं लागतं.

दिलीपराव तिला न्यायला दुसऱ्याच आठवड्यात आला. पिंपळगावच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून तो शेजारच्याला सांगत होता, "स्पीकर आमच्या कंपनीचा आहे." नलूने गायला सुरुवात केली आणि तो बोलायचा थांबला. गाणं संपलं तरी त्याला टाळी वाजवायचं सुचलं नाही.

विंगेत येऊन त्याने विचारलं, "निघायचं ना?"

"निघू," नलू म्हणाली. "पण दर महिन्याला मी येणार आहे. बसचं मी बघते, जेवणाचं तुम्ही बघा."

"दादा?" म्हणत त्याने आशेने माझ्याकडे पाहिलं. मी तारा जुळवत होतो. मला काहीच ऐकू आलं नाही.