सुमनच्या वेणीची मोजणी

माणसाचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. आमच्या सुमनचे वाढत नव्हते.

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच. मी जमीन मोजणीच्या खात्यात. चार महिन्यांनी उदगीरचे पाहुणे सुमनला बघायला येणार होते. मध्यस्थाने बजावलं होतं, "मुलाच्या आईला वेणी कमरेपर्यंत पाहिजे." आमची चार सेंटिमीटर कमी पडत होती. चार महिने, चार सेंटिमीटर. हिशोब चोख! (मी मनातल्या मनात लग्नपत्रिकाही छापून घेतली.)

दर एक तारखेला मी टेप लावायचो. पहिल्या महिन्याची वाढ: शून्य.

संशय टँकरच्या पाण्यावर गेला. पिण्याच्या पाण्यातले दोन हंडे मी सुमनच्या न्हाण्यासाठी सोडायला लावले. त्या दिवशी घरात चहा झाला नाही. दुसऱ्या महिन्याची वाढ: शून्य!

मग तेल. भर बाजारात मी दुकानदाराला धरलं. "गुरप्पाशेठ, तेलात काय मिसळायलात?"

"काय झालं, साहेब?"

"तीळभर वाढ न्हाई!"

"पिकाची?"

"वेणीची!"

दुकानातली गिऱ्हाइकं आपापल्या बाटल्या उजेडात धरून बघू लागली. दोघांनी परत केल्या. शेठनं माझ्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या महिन्यातही शून्य. आता उरली बायको. "पोरीला डाळ घालतेस की नुसतं डाळीचं पाणी?"

"पाणी हाय कुठं घालायला?"

उत्तर इतकं तयार होतं, की माझा संशय बळावला. एके दिवशी न सांगता दुपारीच घरी आलो. अंगणात सुमन बसलेली आणि बायकोच्या हातात कात्री!

"काय करायलीस?"

"शेंडे कापते. दर पुनवेला नखभर."

"कशासाठी?"

"आवो, शेंडे कापल्याबिगर केस वाढत्यात व्हय?"

"केस मुळातून वाढतात! शेंड्याला काय कळतंय?"

"मग आधी सांगायचं न्हाई? तीन महिने टेप घेऊन फिरताय, एकदा तरी विचारलं?"

मी सुमनकडे वळलो. "तुला तरी बोलायला काय झालं होतं?"

"आप्पा, एक तारखेला तुम्ही मोजता, पुनवेला आई कापते. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय."

पाहुणे आले तेव्हा वेणी चार सेंटिमीटर कमीच होती. सुमनला मी भिंतीला पाठ टेकवून बसवलं आणि देवाचं नाव घेत राहिलो. पण वेणीकडे कुणी बघेचना! मुलाची आई एकटक माझ्याकडे बघत होती.

"घरात टोपी कशाला? काढा की," मुलाचे वडील म्हणाले.

काढली.

"किती वर्सं झाली?" बाईंनी विचारलं. (एखाद्याच्या जाण्याबद्दल विचारतात, त्या आवाजात!)

"तिशीतच गेले," मी म्हणालो. खोटा आकडा मला सांगता येत नाही.

बाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. ऐकू मात्र मलाही आलं. "टक्कल आईच्या बापाकडनं येतंय म्हणं. नातवाचं काय?"

आठ दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला. मुलगी पसंत होती. वडिलांबद्दल विचार चालू होता.