नानांचं रोजचं पंक्चर

सुसाटनाना चालत नसत. पाय धड होते तेव्हासुद्धा नसत. घरासमोरच्या दुकानातून काडेपेटी आणायची झाली तरी सायकल बाहेर निघायची. एक टांग, दोन पायडल, आणि पोचलेच! सून दारातून म्हणायची, "अहो मामा, तेवढ्यात मी जाऊन आले असते." त्यावर उत्तर ठरलेलं. "चालायला मी काय बदक हाय?"

अंगाने काटकुळे, उंचीला बेताचे, कायम हाफ पँट आणि डोक्याला रुमाल. वय सत्तरीच्या पुढे, पण विचारलं तर राग यायचा. जन्म कळंबच्या मासेमारीच्या घरातला, पण बोटीवर चढले की ओकाऱ्या. बापाने डोक्याला हात लावला आणि पोराला वालीवच्या एका कारखान्यात चिकटवून दिलं. नानांचा उभा जन्म तिथे लेथ मशीनवर गेला, आणि जाणं-येणं सायकलवर. कळंब ते वालीव म्हणजे तालुक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रिक्षा होत्या, बस होती, सोबत्यांच्या मोटरसायकली होत्या. नाना कशावर बसले नाहीत. म्हणायचे, "दुसऱ्याच्या मागं बसून जायाचं म्हनजे आपन सामान झालो ना!" वेग मात्र बेताचाच हो. फक्त रेल्वेच्या पुलाच्या उतारावर दोन्ही पाय पसरून स्वतःच ओरडायचे, "सुसाट!" सोबत्यांनी तेच नाव पाडलं आणि ते गावापर्यंत आलं.

'तुम्ही' हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. डॉक्टरला तू, सरपंचाला तू, मला तू. मी एका शाळेत कारकून होते. निवृत्त झाल्यावर नालासोपाऱ्याचा फ्लॅट मुलाच्या संसाराला देऊन कळंबला, नानांच्या शेजारच्या घरात राहायला आले. आमच्या गुहागरकडे अहोजाहो फार. पहिल्याच दिवशी कुंपणावरून आवाज आला, "ए बाई, पानी आलं का तुझ्या नळाला?" मी जी चिडले! पण पाणी आलं नव्हतं, आणि दोन बादल्या याच माणसाने सायकलच्या हँडलला लटकवून आणून दिल्या.

मला सायकल त्यांनी शिकवली. बाजारहाटाला रिक्षाची वाट बघून मी कंटाळले होते, पण या वयात शिकायचं म्हणजे लाजेने मेल्याहून मेल्यासारखं. मी म्हटलं, "नाना, लोक बघतील." म्हणाले, "बघनारच. डोळे हायत त्यांना." बायकी सायकल आणते म्हटलं तर तेही नको. "दांड्याच्या सायकलीवर शिक, मग कुठली पन चालवशील." मी पंजाबी ड्रेस सावरत त्यांच्या सायकलीवर चढले आणि तिसऱ्याच फेरीला सुरूच्या झाडांत जाऊन पालथी पडले. चार बायका बघत होत्या. मला रडू फुटलं. नाना कमरेवर हात ठेवून वर उभे. "हस! पडल्यावर आधी आपन हसायचं. मग दुसऱ्याच्या हसन्याला चव ऱ्हात नाय." मी हसले. खरंच, बायका गप्प झाल्या.

असा हा माणूस दोन वर्षांपूर्वी पडला. आणि पडला कुठे, तर स्वतःच्या अंगणात, चालताना! धुण्याच्या दगडाजवळ शेवाळ धरलं होतं, त्यावरून पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. मी शहाळं घेऊन भेटायला गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी आपली त्यांचीच शिकवण काढली, "नाना, आधी हसायचं असतं ना?" ते वळले नाहीत. भिंतीलाच म्हणाले, "सायकलवरनं पडलो असतो तर मिरवलो असतो बाई. चालताना पडलो. कोनाला सांगू नकोस." अहो, गावात कोणाला माहीत नव्हतं? पण मी मान डोलावली.

डॉक्टरने घरी सोडताना बजावलं होतं. हाड जुळेपर्यंत वॉकर, सायकलवर बसायचं नाव नाही. पुन्हा पडलात तर खाटेवरून उठणं कठीण. पायाचा व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. पाठीवर पडून पाय हळूहळू गुडघ्यात दुमडायचा, परत सरळ करायचा. हा व्यायाम नाना इमानेइतबारे करत. डोळे मिटून, कळ सोसत, मध्येच पुटपुटत, "सुसाट." ती मुलगी हसून मला म्हणाली होती, "काका असेच करत राहिले तर नक्की सायकल चालवतील." वॉकरला मात्र त्यांनी हात लावला नाही. तो कोपऱ्यात सरकवला. सून माझ्याकडे येऊन डोळे पुसायची. "ताई, आमच्या वॉकरवर मी टॉवेल वाळत घालते. काय करू मी या माणसाचं?"

एके सकाळी बघते तर नाना रस्त्यावर! सायकल हाताने ढकलत, तिच्यावर सगळा भार टाकून, एकेक पाऊल टाकत चाललेले. जवळ गेले तर मागचं चाक पार बसलेलं. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "पंक्चर झालीय."

दुसऱ्या दिवशी पंक्चर. तिसऱ्या दिवशी पंक्चर. मग सुनेनेच सांगितलं. रोज उठल्याबरोबर नाना मागच्या चाकाची हवा सोडत. हवा असली तर सायकल पुढे पळते, तोल जातो. बसलेलं चाक जड, जागच्या जागी राहतं. आणि शिवाय, पंक्चर झालेली सायकल माणसाने हातातच धरून न्यायची असते! त्यात लाजायचं काय? काठी धरली की म्हातारा, वॉकर धरला की लंगडा, आणि पंक्चर सायकल धरली की बिचारा सायकलवाला.

आता नाक्यावर बाबूचं सायकलचं दुकान. नाना रोज त्याच्या दारावरून जायचे. बाबू विचारायचा, "नाना, पंक्चर?" नाना म्हणायचे, "हो ना रे, खिळा." बाबू म्हणायचा, "काय करू, सोल्युशन संपलंय. उद्या बघू." महिना उलटून गेला, बाबूचं सोल्युशन काही येईना! दुसऱ्या गिऱ्हाइकांची पंक्चरं तो नाना वळणाआड गेले की काढायचा. मासळी घेऊन जाणाऱ्या बायका थांबून खिळ्यांना शिव्या देत. मीही देत असे. सगळं गाव एका माणसाची लाज अशी झाकून धरत होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. पाय खरंच सुधारत होता. नाना आधी नाक्यापर्यंत जात, मग देवळापर्यंत जाऊ लागले.

मग तो रविवार आला. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे बीचवर शहरातून झुंडी येतात. त्यात सायकलवाली पोरंही असतात, हेल्मेट घातलेली, झुळझुळीत कपड्यांतली. तशी चारपाच पोरं नाक्यावर चहाला थांबली होती. मी भाजी घेत होते. नाना आले, आणि एका पोराची नजर चाकावर गेली.

"अंकल, पंक्चर आहे? थांबा थांबा, आमच्याकडे किट आहे."

"नको रे, ऱ्हाऊ दे."

"अरे अंकल, दो मिनिट का काम है!"

पोरं भली होती हो, तोच तर घोळ झाला. एकाने नानांना जागेवरच उभं ठेवून सायकल धरली, दुसरा खाली बसला, चाक तपासलं, पंप काढला, फसाफसा हवा भरली. "अंकल, पंक्चर नाहीच! हवाच गेली होती फक्त." बाबू दुकानात तोंड खुपसून बसला. मासेवाल्या बायका एकदम वाट्यातली कोलंबी निवडायला लागल्या. एका पोराने मोबाइल वर केला. "अंकल, बसा ना. बीचपर्यंत आमच्याबरोबर चला. मस्त व्हिडिओ होईल."

नानांनी हँडल घट्ट धरलं. कपाळावर घाम. मी बघितलं, त्यांचा दुखरा पाय जमिनीवरून उचलला जात होता. हा माणूस आता बसणार! 'मला बसता येत नाही' म्हणण्यापेक्षा बसणार, पडणार, आणि सळई, हाड, सगळं गेलं!

मी भाजी टाकली आणि धावले. "अहो, ती माझी सायकल आहे! द्या इकडे, मला उशीर होतोय!" हँडल त्यांच्या हातातून ओढलं, टांग टाकली, आणि सुटले. मागून पोरांनी टाळ्या वाजवल्या, "आंटी सॉलिड!" काय सांगू, मला फार बरं वाटलं. नानांची लाज राखली, पाय वाचवला, आणि दांड्याच्या सायकलीवर झोकात बसले. वळणापर्यंत मी स्वतःवरच खूश होते.

वळणावर लक्षात आलं की नाना कशाला धरून उभे असतील?

वळले, जिवाच्या आकांताने पायडल मारले. लांबून दिसले. रस्त्याच्या मधोमध, एकटे. हँडल धरलेला हात तसाच हवेत. एक पाऊल पुढे टाकता येईना, मागे येईना. गावातला एकही माणूस पुढे होईना, कारण पुढे होणं म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं हे कबूल करणं. पोरं हेल्मेटं चढवत होती.

मग नानांचा आवाज आला. उतारावर ओरडायचे तसला मोठा. "ए पोरा! हात दे. माझा खुबा मोडलाय. धरल्याबिगर मला चालता येत नाय."

दोन पोरं हेल्मेटं टाकून धावली. नानांचे कान लाल झाले होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही बाजूंनी त्या पोरांनी हात धरले होते. तसे ते माझ्यासमोरून घरी गेले. मी सायकल धरून बाजूला उभी. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. इतकी लाज मला सुरूच्या झाडांत पालथी पडले तेव्हाही वाटली नव्हती. त्यांची लाज झाकायला गेले आणि त्यांना भर रस्त्यात उघडं टाकून आले.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी दारात खडखड वाजलं. नाना वॉकर घेऊन उभे.

"नाना, चुकलं माझं."

"चुकलंच." जरा दम घेतला. "लाज सांभाळलीस, मानूस इसरलीस. आमी सगळेच इसरलो व्हतो, मी पन." मग ओठाच्या कोपऱ्यातून हसले. "पन बसलीस झोकात."

हाड जुळलं. डॉक्टरने परवानगी दिली, नाना पुन्हा सायकलवर बसले. पण आता टांग वर जात नसे. मग रस्त्यात जो दिसेल त्याला हाक मारायचे, "ए, जरा धर." तो धरायचा, हे चढायचे, बीचपर्यंत जायचे, आणि तिथे उतरायला पुन्हा कोणाला तरी हाक. मच्छीमार, पर्यटक, हवालदार, कोणीही चालत असे. त्यात त्यांना कसलाही कमीपणा वाटेनासा झाला होता. गेल्या थंडीत छातीचं दुखणं आलं आणि नाना दवाखान्यातून परत आलेच नाहीत.

लाजेच्या बाबतीत मी मात्र होते तिथेच आहे. महिन्यापूर्वी खडीवरून सायकल घसरली, माझा गुडघा गेला. गेल्या आठवड्यात नालासोपाऱ्याला बँकेत गेले होते. पायऱ्या उंच, कठडा नाही. एक मुलगी थांबली, म्हणाली, "आजी, हात देऊ?" मी चटकन मोबाइल काढला. म्हटलं, "नको गं, मी इथे एकीची वाट बघतेय." ती बरं म्हणून वर गेली. मी पहिल्या पायरीवर उभी, बंद मोबाइल कानाला लावून, बोलल्यासारखं करत. बाहेरचा पहारेकरी बघत होता. मला स्वतःची इतकी किळस आली!

ती मुलगी वरच्या दाराशी पोचली होती. मी हाक मारली. आवाजच फुटला नाही. पुन्हा मारली, या खेपेला मोठ्याने, सगळ्या लोकांनी वळून बघितलं एवढ्या मोठ्याने.