सूंसाच्या पिल्लाला परवानगी मिळाली

गंगेतला डॉल्फिन, म्हणजे आमचा सूंस, राष्ट्रीय जलचर ठरला, त्यानंतर काही वर्षांनी बनारसमध्ये त्याच्या रक्षणासाठी तीन देशांची बैठक भरली. मी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवत होते, म्हणून नेपाळ आणि बांगलादेशहून आलेल्या दोन वनाधिकाऱ्यांची सरबराई माझ्याकडे आली. थंडगार हॉलमध्ये बसून आम्ही नदीची काळजी केली. 'सीमापार' हा शब्द इतक्यांदा उच्चारला गेला, की सूंस ऐकत असता तर पासपोर्ट काढायला धावला असता.

शेवटच्या दिवशी पाहुण्यांना सूंस दाखवायचं ठरलं. आमच्याकडच्या वनखात्याच्या साहेबांनी त्यासाठी भोंगा लावलेली मोटारबोट मागवली. जवळजवळ आंधळ्या आणि केवळ आवाजाच्या आधारावर जगणाऱ्या प्राण्याचं याहून चांगलं स्वागत ते काय करणार? दशाश्वमेध घाटावरून निघालो. शहर मागे पडलं, तरी एकही सूंस भेटीला आला नाही. मग एका वळणावर, रेतीलगतच्या उथळ पाण्यात उभा राहून एक मल्लाह, म्हणजे तिथला नावाडी-कोळी, आम्हाला बोलावताना दिसला. त्याच्या जाळ्यात सूंसाचं पिल्लू अडकलं होतं. ते गुदमरू नये म्हणून त्याने त्याचं डोकं पाण्यावर धरून ठेवलं होतं.

"जाळं कापा," मी म्हणाले.

"कापतो, दीदी. पण तोवर याला कुणीतरी धरायला हवं."

"थांबा," साहेब म्हणाले. "संरक्षित प्राणी आहे. परवानगीशिवाय हात लावता येणार नाही." आणि ते फोनवर परवानगी शोधू लागले.

बांगलादेशच्या पाहुण्यांनी बूट काढले, कोट माझ्या हातात दिला आणि ते पाण्यात उतरले. पाठोपाठ नेपाळचे. एकाने डोकं सावरलं, दुसऱ्याने शेपटी, आणि मल्लाहने स्वतःचं नवंकोरं जाळं कापून काढलं. पिल्लाने एक जोरदार फुसकारा टाकला, तो थेट डोकं धरणाऱ्या पाहुण्यांच्या चष्म्यावर. मग ते निघून गेलं. तिघेही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून हसत होते. माझे डोळे भरून आले, ते मी बांगलादेशच्या कोटाला पुसले.

"परवानगी मिळाली," साहेब म्हणाले.

संध्याकाळच्या निवेदनात पिल्लू 'तिन्ही सरकारांच्या समन्वयाने' वाचलं. मल्लाह 'स्थानिक समुदाय' या दोन शब्दांत मावला. तिन्ही देशांचा करार अजून मसुद्यातच आहे. मल्लाहने मात्र त्या वळणावर जाळं टाकणं सोडलं आणि भाऊबंदांनाही सोडायला लावलं. ते दोघे पाहुणे आता कुठल्या कालव्यात सूंस अडकला, की आधी एकमेकांना फोन करतात. सरकारला सवडीने कळवतात.