थाळी आणि हिरवी गोल गाडी

गाड्यांना पॉलिश मारणाऱ्या त्या गड्याला सगळे थाळीच म्हणायचे. पॉलिशच्या मशीनला खालून स्पंजाचं जे गोल पॅड चिकटवतात, ते हा कायम सगळ्यात मोठं लावायचा, जेवायच्या थाळीएवढं. बॉनेट असो, दार असो, टप असो, थाळी एकच. बाकीचे पॉलिशवाले मोठं, मधलं, लहान अशी पॅडं बदलत बसायचे. त्यांना हा हसायचा. "ती काय पॅडं आहेत? पावडर लावायचे पफ आहेत ते." मशीन घेताना त्यालाही लहान पॅडं मिळाली होती, पण ती पिशवीतनं बाहेर कधी आली नाहीत. पिशवी शेडच्या खिळ्याला टांगलेली आणि तिच्यावर कोळ्यानं संसार थाटलेला.

हात मात्र चलाख. दुसऱ्याला जिथं अख्खा दिवस लागायचा, तिथं हा जेवणाआधी मोकळा होऊन तंबाखू मळत बसायचा. त्या घाईत अधूनमधून एखादी गाडी जळायची. पत्रा सपाट असला तर मोठं पॅड सगळीकडं सारखं टेकतं. वळण आलं की ते नुसतं मधल्या उंचवट्यावर टेकतं, सगळा दाब आणि सगळी उष्णता तिथंच जाते, आणि रंगही नेमका तिथंच पातळ असतो. बघता बघता रंग उडतो आणि खालचं राखाडी अस्तर डोळे वटारून बघायला लागतं. दुसऱ्या कुणाची पाचावर धारण बसली असती. थाळी नुसती मान वळवायचा आणि हाक मारायचा, "दादा, जरा इकडं ये."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्याच शेडमध्ये, मेणकापडाच्या पडद्यापलीकडं, रंगाचं काम करायचा. आधी भावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, त्या आपल्याही आहेत हे विसरून. मग रंग मिसळायचा, फवाऱ्याची गन घ्यायचा आणि जळलेली जागा अशी झाकायचा की दाखवूनही सापडू नये. एकानं जाळायचं, दुसऱ्यानं झाकायचं, असं त्या शेडचं वर्षानुवर्षं चाललेलं. त्यामुळं पॅडाची मापं शिकायची वेळ थाळीवर कधी आलीच नाही.

मग दादाच्या छातीनं दगा दिला. जन्मभर तोंडाला नुसता रुमाल बांधून रंग मारलेला. आता जिना चढला तरी लोहाराच्या भात्यासारखा वाजायचा. डॉक्टरनं सरळ सांगितलं, "रंगाची वाफ पुन्हा छातीत गेली तर मला बोलवू नका, उचलायला चार माणसं बोलवा." वहिनीनं त्याच दिवशी रंगाची गन शेडमधनं उचलली आणि घरी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. दादा रोज शेडवर यायचा, खुर्ची टाकायचा आणि दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा. पण काम गेलेला माणूस म्हणजे दात पडलेलं कुत्रं. भुंकून भुंकून भुंकणार किती.

अशात ती हिरवी गाडी आली. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या वडिलांची जुनी गाडी. तिला सरळ रेष म्हणून कुठं नव्हती. टप पालथ्या टोपासारखा, मडगार्ड पहिलवानाच्या खांद्यासारखे, दिव्यांभोवती डोळ्यांखालच्या पिशव्यांसारखे फुगवटे. रंग दादानंच मारलेला, त्याच्या उमेदीच्या काळात. ते हिरवं कुठल्या दुकानात डब्यात मिळत नव्हतं, ते दादाच्या डोक्यातलं होतं.

"ओरखडे तेवढे काढा. रंग मात्र हाच राहू द्या, बाबांचा जीव आहे त्यात," एवढं सांगून डॉक्टरीणबाई गेल्या.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या वहिनीनं गाडी बघितली आणि दिराला बाजूला घेतलं. "भाऊजी, ही जळली तर झाकायला कोण उठेल, माहीत आहे ना?"

"नाही जळत, वहिनी."

"तुमचं 'नाही जळत' मी लग्न झाल्यापासून ऐकते. तांदळाचा डबा काही तिजोरी नव्हे. ह्यांनी मनात आणलं तर गन काढतील आणि रंग मारायला बसतील. मग मी काय करू?"

थाळीनं मान हलवली. वहिनी गेली, ह्यानं मशीन घेतलं आणि सवयीनं मोठंच पॅड चिकटवलं. बॉनेटसमोर उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याचा हात अडला.

खुर्चीतनं दादा म्हणाला, "बघतोस काय? लाव की थाळी. उन्हं कलायच्या आत मोकळा होशील."

थाळीनं वळून बघितलं. ज्या भावानं ह्या थाळीपायी त्याला जन्मभर शिव्या घातल्या, तो आज तीच लाव म्हणत होता, तेही गोडीनं. बरं, अंगात रंगाचे डाग पडलेला जुना सदरा. आणि मांडीवर ठेवलेल्या हाताच्या नखांत हिरवा रंग. गाडी येऊन अर्धा दिवस झाला नव्हता आणि गड्यानं हिरवा मिसळूनही ठेवला होता. खिशातनं बाटलीचं बूच डोकावत होतं.

"दादा, तू मी गाडी जाळायची वाट बघतोयस होय?"

"मी कशाला बघू? तू जाळतोसच."

"आणि वहिनीला काय सांगायचं?"

"सांगायचं काय त्यात? एवढासा फवारा. दार उघडं ठेवून मारीन."

थाळीनं मशीन खाली ठेवलं. त्यानं मोठं पॅड काढलं, खिळ्यावरची पिशवी उतरवली, कोळ्याला बाहेर घालवलं आणि पॅडं बाकावर मांडली. कुठलं कुठं लावायचं, हे विचारायला तोंड नव्हतं. मग त्यानं जुन्या वर्तमानपत्राची पट्टी फाडली. मोठं पॅड कोरडंच टपावर ठेवलं आणि कडेनं कागद सरकवून बघितला. शिरेना. म्हणजे टपाच्या मधोमध थाळी चालेल. तेच मडगार्डवर ठेवलं तर कागद पार पॅडाच्या पोटापर्यंत गेला. मधलं ठेवलं, तरी कागद शिरला. त्याहून लहान ठेवलं तेव्हा कुठं कागद कडेला अडकला. असा तो गाडीभोवती पॅडं टेकवत, कागद सारत फिरला. जिथं तीक्ष्ण कडा होत्या तिथं कागदी चिकटपट्टी लावली.

"गाडीला पावडर लावणार वाटतं आज," दादा म्हणाला.

थाळीनं लहान पॅड घेतलं, मशीनवर दाबलं आणि मडगार्डजवळ नेलं. दादा बघत होता. पॅड लहान होतं, पण ते ज्या कडक चकतीवर चिकटतं ती चकती मोठ्या पॅडाचीच राहिली होती. चहूबाजूंनी बोटभर बाहेर आलेली. मशीन चालू झालं असतं तर त्या कडेनं रंग जळला नसता, पत्र्यापर्यंत खरवडला असता. दादाला हवं ते आयतं होत होतं, नुसतं गप्प बसायचं होतं. तो बसलाही गप्प. थाळीचं बोट बटणावर गेलं तसा खुर्ची आडवी करून उठला.

"थांब, गाढवा! चकती कोण बदलणार, तुझा बाप? माझा रंग आहे तो, केळ्याचं साल नाही!"

ओरडल्यानं त्याला ढास लागली. थाळीनं पाणी दिलं. मग लहान चकती शोधली, घट्ट बसवली आणि दादाला दाखवली. दादानं मान हलवली. तिथनं पुढं दादा खुर्चीत बसलाच नाही. मागं उभा राहून "दाब कमी", "आता हात लावून बघ, तापलं का", "कड सोड" असं करत राहिला. मशीन रांगत होतं. जुना रंग थोडा थोडा पॅडावर उतरून पॅडं हिरवी होत होती आणि वळणावर शेडचं छत आरशात दिसावं तसं दिसायला लागलं होतं. थाळीचा खांदा भरून आला. एवढ्या वेळात त्यानं तीन गाड्या उरकल्या असत्या, आणि तसं त्यानं दोनदा बोलूनही दाखवलं.

काम दुसऱ्या दिवशीही चाललं. शेवटी दारांच्या मुठीमागच्या वाट्या उरल्या. तिथं सगळ्यात लहान पॅडही जाईना.

"राहू दे. कोण बघतंय तिथं," थाळी म्हणाला.

"दार उघडणारा बघतो," दादा म्हणाला. त्यानं फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं, पॉलिशचा ठिपका घेतला आणि गाडीशेजारी फतकल मारली. एकेक वाटी घासत गेला. छाती वाजत नव्हती असं नाही, पण बसल्या कामाला तेवढी पुरत होती.

डबा घेऊन वहिनी आली ती नेमकी तेव्हा. तिनं आधी नवऱ्याची बोटं बघितली, मग नखं.

"हा हिरवा कुठला?"

"गाडीचा. जुना रंग उतरतो," दादानं फडकं वर केलं. फडकं खरंच हिरवं होतं.

"भाऊजी, खरं का?"

थाळीनं भावाच्या खिशाकडं बघितलं. बूच अजून डोकावत होतं. तो वहिनीच्या आणि खिशाच्या मधे येऊन उभा राहिला, मशीनची वायर गुंडाळत.

"हो, वहिनी. उतरतोच तो. माझी पॅडं बघा की."

वहिनीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, डबा बाकावर ठेवला आणि गेली. संध्याकाळी दादानं तांदळाचा डबा उघडून बघितला, तर गन गायब, आत नुसता तांदूळ.