एकेचाळिसाव्या पानावरचं टिंब

माझ्या आत्याने जन्मात माशीसुद्धा मारली नसेल, पण खुन्यांची तिच्याइतकी पारख मी कुणात पाहिली नाही. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती वाचनालय चालवते. कवितासंग्रहांवरची धूळ मी झटकायची, रहस्यकथांना मात्र हात लावायचा नाही, असा आमचा जुना करार.

"खुनी ओळखायचा कसा?" असं मी लहानपणी विचारलं होतं.

"शेजारणीच्या कुंड्यांना न चुकता पाणी घालतो ना, तो," आत्या म्हणाली. "साध्या माणसाचं रोज काहीतरी बिनसतं रे. उशीर होतो, विसरतो, खेकसतो. ज्याला लपवायचंय, तो कधी खेकसत नाही."

नवं पुस्तक आधी ती वाचायची. खुनी ज्या ओळीत पहिल्यांदा चुकतो, तिच्या शेजारी पेन्सिलीने टिंब द्यायची, इतकं फिकं की आम्हा दोघांनाच सापडावं. वाचक पुस्तक परत करायला आला की उलटतपासणी सुरू. "कुठल्या पानावर पकडलंत?" पान जुळलं, तर पुढचं नवं पुस्तक आधी त्याला. नाही जुळलं, तर चारचौघांत फजिती. आणि पानावर चहाचा डाग दिसला, तर त्या वाचकाची काही धडगत नसे. डागांवरून तिने माझ्या सासऱ्यांनाही सोडलं नव्हतं.

गेल्या वर्षी आत्या निवळली. डागाळलेली पुस्तकं मुकाट्याने घेऊ लागली. "वयाने शहाणी झाली," असं मी बायकोला सांगितलं.

मग एका दुपारी निवृत्त पोस्टमास्तर तणतणत जिना चढून आले. "तुम्ही म्हणालात, एकेचाळिसाव्या पानावर खुनी चुकतो? अहो बाई, त्या पानावर नुसतं हवामान आहे!"

आता जुंपणार, म्हणून मी खुर्ची मागे घेतली. आत्या गोड हसली. "तुमचंच बरोबर असेल."

आत्या आणि माघार? पोस्टमास्तर गेले, ती चहा टाकायला आत गेली, तशी मी तीन नवी पुस्तकं काढली. तिन्हींत टिंब होतं. तिन्हींत एकेचाळिसाव्या पानावर.

ती कप घेऊन बाहेर आली. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, चालताना तिचे ओठ हलत होते. ती पावलं मोजत होती.

"आत्या, ही पुस्तकं तू वाचलेली नाहीस."

ती जागच्या जागी थांबली. "पकडलंस होय," म्हणाली. "बोटांनी पानं मोजून टिंब देत होते."

"कधीपासून दिसत नाहीये?"

"कडेकडेचं जाऊन वर्ष झालं. अक्षरं आठ महिने. सांगितलं असतं, तर तू इथे टाळं लावून मला घरी नेऊन बसवलं असतंस."

मी भयंकर चिडलो. "खुन्यांकडून लपवाछपवी तेवढी शिकलीस, आणि डॉक्टरकडे जायचं सुचलं नाही?" असं ओरडलो आणि मीच रडायला लागलो. शेवटी तिनेच मला चहा पाजला.

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभर आधी आणलं असतं, तर वाचता आलं असतं, असंही म्हणाले.

टाळं मी लावलं नाही. आता रोज संध्याकाळी रहस्यकथा मी मोठ्याने वाचतो. कुणी फारच गोड बोलायला लागला, की ती हात वर करते. "थांब. इथे टिंब दे." अजून एकदाही चुकलेली नाही.

काल पुस्तक मिटल्यावर तिने विचारलं, "मी कुठे चुकले रे? एकेचाळिसाव्या पानावरच ना?"

"हो," मी म्हणालो.

खोटं बोललो. चहाचा पहिला डाग तिच्या डोळ्यांसमोरून गेला आणि ती काही बोलली नाही, ती तिची पहिली चूक. मी समोरच बसलो होतो. आज कुणाला ओरडली नाही म्हणून मला किती बरं वाटलं होतं.