फोलाशादेच्या आईचं निळं कापड

कतारमधल्या दोहा शहराच्या नजमा वस्तीत फोलाशादेला न ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही. आठवडाभर नर्सचा गणवेश, पण शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चला निघाली की डोक्याला असा ऐटबाज फेटा, की दुकानदार उमैर गिऱ्हाईक सोडून बघत राही. कुणी ‘छान आफ्रिकन प्रिंट’ म्हणालं की मात्र बाईंचा पारा चढलाच.

"प्रिंट बाजारात मिळतं, तेही बरंचसं हॉलंडचं. हे माझ्या आईच्या हातचं आहे!"

आणि होतंच. तिकडे नायजेरियात, अबेओकुटाला, तिची आई साबुदाण्याच्या कंदाची खळ कोंबडीच्या पिसाने कापडावर रेखायची आणि कापड निळीत बुडवायची. खळीखालची नक्षी पांढरी राहायची. ती नक्षी पणजीपासून चालत आलेली.

फोलाशादेचे दिवस भरत आले. आईला व्हिसा मिळेना, म्हणून तिने बारशाचं कापड पाठवलं. त्यांच्यात घरची सगळी माणसं त्या दिवशी एकाच कापडाचे कपडे घालतात. बाळाच्या पाठीशी कोण उभं आहे ते त्यावरून कळतं. इथे नवऱ्याखेरीज तिचं होतं कोण? फोलाशादेने पाच शेजारणींना पायघोळ पोशाखापुरता एकेक तुकडा दिला.

मुलगी झाली. शेजारची नाशिकची सुनीती शिरा घेऊन आली.

"कापड शिवून झालं?" फोलाशादेने विचारलं.

सुनीतीचा चेहरा पडला. आलेला ब्लाउजपीस पुढे सरकवायचा, ही आपली जुनी खोड! "अगं, भेट समजून मी ते माझ्या मैत्रिणीला, भैरवीला, देऊन टाकलं."

फोलाशादेला रडूच कोसळलं. "मी तुला घरातली धरलं होतं गं."

सुनीती मान खाली घालून गेली. आता ही बारशाला काही येत नाही, असं फोलाशादेने मनाशी धरलं.

बारशाला बाकीच्या चार शेजारणी निळ्या कापडात आल्या. मागोमाग सुनीतीही आली, आणि एकटी नाही. भैरवीने कापड मालविकाला दिलं होतं, मालविकाने अंतराला. सुनीतीने दारोदार फिरून ते हुडकलं, आणि लाजलेल्या चौघींनी त्यातून चार पोलकी शिवून घेतली. काठापदराच्या साड्यांवर ती निळी पोलकी अशी काही खुलली होती!

अबेओकुटाहून आई फोनच्या पडद्यावर डोळे बारीक करून बघत होती.

"मी पाचजणींचं कापड पाठवलं होतं. या आठजणी कुणाच्या?"

फोलाशादेने फेटा सावरला, बाळ उंच धरलं.

"आपल्याच आहेत, आई."